तुम्ही विचारा : साठीनंतरची फटफटी

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की ज्यांनी आयुष्यभर दुचाकी चालवली त्यांनी आपापले प्रश्न पाठवा, तर पत्रं इतकी आलीत की सगळी छापायची म्हटलं तर अंक पुरणार नाही. बहुतेक पुण्यातलीच, त्यातही साठी-सत्तरीतली जास्त. जावा, येझदी, राजदूत, बुलेट, चेतक, प्रिया, लुना, एम-८०, सगळ्या गाड्या आल्यात पत्रांतून, आणि त्यांच्याबरोबर कात्रजचा जुना घाट, खंबाटकी, नाना पेठ पण आली. प्रश्न वेगवेगळे आहेत पण बऱ्याच जणांच्या मनात एकच आहे, की आता थांबायचं का. माझं मत आधीच सांगतो. गाडी एका दिवसात सोडायची नसते, एकेक गोष्ट सोडत जायची असते, आधी रात्र, मग भर पाऊस, मग हायवे, मग डबलसीट, आणि कुठली कधी सोडायची ते पडायच्या आधी आपण ठरवायचं, कारण पडल्यावर ते घरचे ठरवतात.

प्रश्न : माझं वय ७१, सहकारनगरला राहतो. १९८३ साली घेतलेली येझदी रोडकिंग अजून चालू आहे, आठवड्यातून दोनतीनदा काढतो. पण पाचसहा किकशिवाय उठत नाही आणि उजवा गुडघा रात्री शेकावा लागतो. मुलगा म्हणतो बाबा विका, सध्या चांगला भाव आहे. बायको काही बोलत नाही, पण मी परत येईपर्यंत तिचा जीव खालीवर होतो. विकू का?

गुडघ्यासाठी तर अजिबात विकू नका. पाचसहा किक लागतात हे तुम्ही सहज लिहिलंय, पण मला वाटतं दुखणं तिथेच आहे. नीट सेटिंगमधली रोडकिंग थंड असताना दोन किकमध्ये आणि गरम असताना एका किकमध्ये उठली पाहिजे. उठत नसेल तर पॉइंट (स्पार्क पाडणारे संपर्क) खाल्लेले असतील, कंडेन्सर गेला असेल, नाहीतर क्रँकचे ऑइल सील कडक होऊन हवा खात असतील, आणि हे शेवटचं कारण जुन्या टू-स्ट्रोकमध्ये (पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणाऱ्या इंजिनात) फार असतं पण मिस्त्री लोक कार्बोरेटरलाच हात घालत बसतात. आधी सील बघायला सांगा. नाना पेठेत पार्ट मिळतात, आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन पण बसवून मिळतं, ते बसवलं की स्पार्क एकदम टणक येतो. ओरिजिनल राहिली नाही म्हणून कोणी नाकं मुरडली तर मुरडू देत, गुडघा तुमचा आहे.

किक कशी मारता ते पण बघा. तुमच्या गाडीला गिअरचा दांडा तोच किकचा दांडा, आत दाबून वर फिरवायचा, डाव्या बाजूला. गाडी मेन स्टँडवर लावा, डावीकडे उभे राहा, आधी हळू दाबून कॉम्प्रेशन कुठे येतंय ते पायाला लागू द्या, मग अंगाचं वजन सोडा. गुडघा ताठ ठेवून झटका देऊ नका आणि चपलेत तर मुळीच नको.

आता त्याहून महत्त्वाचं, डोळे. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट पडतं म्हणून. दिवसा हे कळत नाही. रात्री सातारा रोडला समोरून एलईडीवाला आला की कळतं, त्याचा उजेड फाटतो, भोवती वलयं दिसतात आणि दोनतीन सेकंद रस्ता दिसतच नाही. असं होत असेल तर मोतीबिंदू तपासून घ्या, आणि तपासणीत काही निघो न निघो, अंधार पडल्यावर गाडी काढणं आजपासून बंद करा. दुसरं, हात-पाय उशिरा हलतात हे आपल्या कोणाच्याच हातात नाही. ६०च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद जास्त लागला तर ८ मीटर पुढे, म्हणजे दोन मोटारींची लांबी. म्हणून स्पीड ४५ आणि पुढच्या गाडीपासून अंतर पूर्वीच्या दुप्पट.

घरच्या घरी बघायच्या दोनतीन गोष्टी आहेत. हात न टेकवता खुर्चीतून उठता येतं का, एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का, मान वळवून खांद्यामागचं दिसतं का, आणि सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानात गाडीवरून आठचा आकडा पाय न टेकवता काढता येतो का. शेवटची गोष्ट, गाडी एकट्याने मेन स्टँडवर लावता येते का. ज्या दिवशी ती लागणार नाही त्या दिवशी हलकी गाडी घ्यायची, पण तेव्हाही येझदी विकायची गरज नाही. म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला, तशी गाडी परत बनणार नाही, २०२२ला येझदी नाव परत आलं ते वेगळ्याच फोर-स्ट्रोक गाडीवर आलं. भाव आत्ता आहे तसा पुढेही राहील. मुलाला रविवारी शेजारी बसवा आणि पॉइंट साफ करायला, टायमिंग लावायला शिकवा, नंतर विकायचं का ठेवायचं ते मग तो माहिती असताना ठरवेल. आणि वहिनींना निघताना रस्ता आणि परतायची वेळ सांगून जा, उशीर होणार असेल तर थांबून फोन करा. एवढं तरी त्यांना मिळायलाच पाहिजे.

प्रश्न : मी ६६ वर्षांची निवृत्त शिक्षिका, एरंडवण्यात राहते. जुन्या गाड्यांच्या गप्पा निघाल्या की बुलेट, जावा आणि पुरुष. आम्ही ७०च्या दशकात साडी नेसून लुना चालवली, भाजीच्या पिशव्या, पुढे उभी मुलगी, सगळं त्यावर, त्याचं कोणी नावच काढत नाही. असो. आता इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा विचार आहे, या वयात घेऊ का?

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि "असो" म्हणून सोडून देऊ नका. आपल्या पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली ५० सीसीची लुना आणली, पायडल मारून चालू करायची, गिअर नाही, पेट्रोल संपलं तर सायकलसारखी हाणत घरी यायचं. त्याच वर्षी आकुर्डीहून चेतक आली, तिला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे आणि नंबर लागला तरी गाडी बहुतेक घरातल्या पुरुषाची. लुना मात्र बायकांच्या हातात गेली. शाळेतल्या बाई, बँकेतल्या, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या, नर्स, क्लासला जाणाऱ्या मुली, कोणाची वाट न बघता स्वतःच्या वेळेला घरातून निघणं आणि स्वतःच्या वेळेला परत येणं हे या शहरात इतक्या बायकांना त्या छोट्या गाडीने दिलं. मग १९८४ला कायनेटिक होंडा आली, बटण स्टार्ट आणि बिनगिअरची, पुढे सनी, स्कूटी, ॲक्टिव्हा. आज लक्ष्मी रोडला स्कार्फ बांधून मुली गाड्या काढतात त्या तुम्ही पाडलेल्या वाटेवर आहेत. माझ्या मते बुलेटवाल्यांच्या लडाखच्या गोष्टींपेक्षा ही मोठी गोष्ट आहे आणि ती नीट लिहून ठेवली गेलेली नाही. तुम्ही लिहा, आम्ही छापू.

आता स्कूटर. घ्या, जरूर घ्या. फक्त रेंज आणि ॲपवर भुलू नका, तुमच्यासाठी वेगळ्या गोष्टी बघायच्या. बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत, टाचा अधांतरी राहत असतील तर ती गाडी नाही. रिव्हर्स असलेली घ्या, सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमधून गाडी मागे ओढताना पडणारी माणसं मी बघितलीत. बॅटरीमुळे यातल्या बऱ्याचशा गाड्या ॲक्टिव्हापेक्षा जड असतात, शोरूममध्ये सांगून बंद गाडी हातात धरून ढकलून बघा. इलेक्ट्रिकला पिकअप पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, म्हणून पहिले काही आठवडे इको मोडवरच चालवा. सोसायटीत चार्जिंगचा पॉइंट नसेल तर बॅटरी काढून वर नेता येते ती गाडी घ्यायची, पण ती बॅटरी उचलून बघा आधी. आणि आवाज नसतो हे कायम लक्षात ठेवा, पेठेतल्या गल्लीत चालणाऱ्याला मागून तुम्ही आल्याचं कळत नाही, हॉर्न हलकेच आधी वाजवायचा. चेतक सुद्धा २०२०ला इलेक्ट्रिक होऊन परत आली, सुरुवात पुणे आणि बंगळूरमधूनच झाली, पण नावावर जाऊ नका, पाय टेकतात का त्यावर जा.

प्रश्न : जुनी बुलेट विकून नवीन ३५० घेतली. वय ६७. घाईत ब्रेक मारायला जातो आणि पाय भलतीकडे जातो. सवय होईल का? (धनकवडी)

होईल, पण आपोआप होत नाही, करावी लागते. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, नवीनला उलटं. नेहमीच्या चालवण्यात डोकं सांभाळून घेतं, खरी गडबड कुत्रं आडवं आलं की होते, तेव्हा पाय जुन्याच सवयीने जातो आणि ब्रेकऐवजी गिअरवर पडतो. रोज सकाळी मोकळ्या रस्त्यावर २०-३०च्या स्पीडला मुद्दाम जोरात थांबायचा सराव करा, दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा जास्त. पुढचा ब्रेक उजव्या हातातच आहे, दोन्ही गाड्यांना सारखा, म्हणून हाताची सवय पक्की करा, पाय चुकला तरी गाडी थांबेल. नवीन गाडीला एबीएस आहे, म्हणजे जोरात दाबला तरी चाक लॉक होत नाही, पुढचा दाबायला घाबरू नका. आणि पाय पक्का बसेपर्यंत मित्राची जुनी बुलेट चालवायला घेऊ नका, एक चक्कर मारायला सुद्धा.

प्रश्न : बाबांचं वय ७८, कोथरूडला राहतात, मी त्यांची मुलगी, बाणेरला. लायसन्स दोन वर्षांपूर्वी संपलं, तरी रोज स्कूटर काढून मंडईत जातात. गाडीला दर थोड्या दिवसांनी नवा ओरखडा असतो. विषय काढला की चिडतात. किल्ली लपवू का?

किल्ली लपवू नकोस. आयुष्यभर स्वतः गाडी चालवलेल्या माणसाची किल्ली मुलीने लपवली तर तो अपमान ते विसरणार नाहीत आणि दुसऱ्या दिवशी डुप्लिकेट करून आणतील.

आधी एकदा त्यांच्या मागे बस. पंचवीस वर्षांनी बसशील कदाचित, पण बस, आणि काही बोलू नकोस, बघ फक्त. सिग्नल दिसतो का, डावीकडून येणारा रिक्षावाला लक्षात येतो का, थांबताना पाय टेकायला उशीर होतो का, ओळखीच्या चौकात क्षणभर अडकतात का. मग गाडीवरचे ओरखडे बघ. सगळे एकाच बाजूला असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे लवकर ने, काचबिंदूत कडेचं दिसणं कमी होत जातं आणि माणसाला स्वतःला बराच काळ पत्ता लागत नाही, पूर्वी कधी छोटा झटका येऊन गेला असेल तरी एका बाजूचं दिसत नाही. औषधांची यादी पण घे. डायबेटिसच्या काही गोळ्यांनी साखर एकदम खाली येते, सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशीही गुंगी राहते.

लायसन्सचं म्हणशील तर तो विषय खरं तर तुझ्या बाजूचा आहे. ५५च्या पुढे रिन्यू केलं की ५ वर्षांचं मिळतं, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि संपून एक वर्षाच्या वर झालं की परत टेस्ट द्यावी लागते. त्यांचं दोन वर्षं झाली म्हणजे टेस्ट आलीच. म्हणजे "बाबा गाडी सोडा" असं तुला म्हणायचंच नाहीये, "बाबा लायसन्स काढून घेऊ, आणि निघेपर्यंत गाडी काढायची नाही, कारण असं चालवताना काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतील आणि समोरच्याचा खर्च आपल्या अंगावर येईल" एवढंच म्हणायचंय. नियम पाळणाऱ्या माणसाला हे पटतं. मेडिकल आणि टेस्टमध्ये निघाले तर चालवू देत, दिवसा आणि जवळपास. नाही निघाले तर तो निकाल बाहेरून आलेला असेल, मुलीकडून नाही.

पण तेवढ्यावर थांबू नकोस. ते मंडईत भाजीसाठी जात नसणार, भाजी कोथरूडलाही मिळते, तिथे त्यांची माणसं असणार. आता वनाजहून मेट्रोत बसून सिव्हिल कोर्टला (स्टेशनचं नाव आता जिल्हा न्यायालय) बदललं की मंडईचं स्टेशनच आहे. पहिल्या चारसहा वेळा तू बरोबर जा, सरकते जिने आणि कार्डाची सवय होऊ दे. गाडी गेली तरी मंडई गेली नाही हे त्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर महिन्याभरात घरात बसून खंगतात ही माणसं, मी बघितलेलं आहे.

प्रश्न : आम्ही पुणेकरांनी हेल्मेटसक्ती कधी मानली नाही. मान दुखते, ऐकू येत नाही. ७०व्या वर्षी आता काय घालायचं? (सदाशिव पेठ)

आत्ताच घालायचं, विशीत घातलं नाही त्यापेक्षा जास्त गरज आत्ता आहे. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो आणि कवटीच्या आतल्या शिरा ताणलेल्या राहतात, म्हणून ज्या आपटण्याने तरुण माणूस डोकं चोळत उठतो त्याने आपल्या वयात आत रक्तस्राव होतो, कधी कधी तर तो दोनतीन आठवड्यांनी लक्षात येतो, चालताना तोल जातो किंवा बोलणं अडखळतं तेव्हा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका अजून वाढतो. जगभरच्या अभ्यासांवरून हेल्मेटमुळे मरणाचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालंय. मान दुखते म्हणजे हेल्मेट जड आहे नाहीतर मापाचं नाही, आयएसआय मार्क असलेलं हलकं हेल्मेट दुकानात पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवून बघा आणि मग घ्या. पुण्यात यावर मोर्चे निघाले, ते मला माहीत आहे. मी तेव्हाही त्या बाजूला नव्हतो.

प्रश्न : पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोलच मिळतं. माझ्या १९९१च्या यामाहा आरएक्स १००चं काय होणार?

मरणार नाही, पण लक्ष द्यावं लागेल. इथेनॉलने जुन्या रबराच्या गोष्टी फुगतात आणि तडकतात, म्हणजे पेट्रोलचा पाइप, कॉकचं वॉशर, फ्लोट नीडलचं टोक. हे सगळं स्वस्तातलं आहे, एकदा बदलून टाका आणि वर्षातून एकदा बघत जा. दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतं, जुन्या टाकीला गंज तिथूनच लागतो. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. तिसरं, मिक्स्चर थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि टू-स्ट्रोकला लीन चालणं म्हणजे पिस्टन जॅम व्हायची तयारी, म्हणून प्लगचा रंग बघा, पांढरट दिसला तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाका. टूटीच्या टाकीत (टूटी म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल) ऑइल चांगलं घाला आणि लेव्हल बघत जा, तिथे पैसे वाचवू नका.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, पिंपरीत राहतो, २५० सीसीची गाडी आहे. काका लोक १०० सीसीच्या गाडीवर महाबळेश्वरला गेल्याचं इतक्या प्रेमाने का सांगतात? ११ हॉर्सपॉवरमध्ये काय मजा येत असेल?

मनापासून विचारलंयस म्हणून मनापासून सांगतो. गाडी किती पळते यात ती मजा नव्हती, गाडी आणि आपण दोघांनी मिळून पोचायचं असायचं त्यात होती. पुण्याहून निघताना डिकी वगैरे काही नसायची, सीटखाली नाहीतर पिशवीत एक जादा प्लग, प्लगपाना, क्लच वायर, ट्यूब, टूटीची बाटली, पॉलिश पेपरचा तुकडा. मोबाइल नाही. कात्रजचा जुना बोगदा, मग शिंदेवाडी, खेड शिवापूर, शिरवळ, एकच रस्ता, समोरून येणाऱ्या ट्रकच्या मध्ये ओव्हरटेक करायचा. खंबाटकी चढताना शंभर सीसीला डबलसीट असेल तर दुसरा गिअर, आणि इंजिनचा आवाज ऐकत ऐकत जायचं, आवाज जरा घट्ट झाला, धातूचा यायला लागला की सावलीला थांबायचं, गाडी गार होईपर्यंत. उतारावर अजून वेगळं. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नसतं आणि पुढे-मागे ड्रम ब्रेक, पसरणीचा घाट उतरून वाईला येताना ब्रेक लायनरचा जळका वास यायचा आणि ब्रेक हाताला मऊ लागायला लागायचा, तेव्हा थांबायचंच. बुलेटवाले त्या ठिकाणी आरामात धबधब करत उतरायचे, त्यांचं इंजिन गाडीला धरून ठेवायचं. हे सगळं कुठल्याही पुस्तकात नव्हतं, पुढच्याने मागच्याला सांगितलेलं.

आणि घरात गाडी असणं हीच केवढी गोष्ट होती. १९८५ला आरएक्स १०० आणि हिरो होंडाची सीडी १०० दोन्ही एकाच वर्षी आल्या, एक पळणारी आणि एक पेट्रोल वाचवणारी, आणि कुठली घ्यायची यावर घराघरात वाद झाले, बाप सीडी म्हणायचा आणि पोरगा आरएक्स. नोकरीच्या पहिल्या काही पगारांतून घेतलेली गाडी, तिच्यावर बायकोला पहिल्यांदा पानशेतला नेलेलं, मग पोरगं टाकीवर बसायला लागलं, मग आईला हॉस्पिटलमध्ये त्याच गाडीवर नेलं. काका लोक महाबळेश्वरचं सांगतात तेव्हा हे सगळं त्यात असतं, ते वेगळं काढून सांगता येत नाही त्यांना.

तुझी गाडी चांगली आहे, तिला कमी लेखत नाही. फक्त एक कर, घरातला किंवा गल्लीतला असा एखादा काका धर आणि त्याच्याबरोबर एकदा वाईपर्यंत जा, तो ज्या स्पीडने जाईल त्याच स्पीडने, त्याच्या मागे. तो वळणाच्या आधी कुठे बघतो, गिअर कधी टाकतो, कुठे थांबतो ते बघ. तो अजून चालवतोय तोवर बघून घे.

प्रश्न : आजोबांची १९६५ची जावा आहे, कागद आहेत. व्हिंटेज रजिस्ट्रेशन करू की साधं रिन्यूअल?

चालवायची असेल तर साधं. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१पासून व्हिंटेजचा वेगळा नियम आहे, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, नव्याने नंबर घेतला तर त्यात व्हीए अक्षरं येतात, आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण व्हिंटेज झाली की रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याला भजी खायला जायचं असेल तर दर ५ वर्षांनी पासिंग करा, ग्रीन टॅक्स भरा, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावा आणि सुखाने फिरा. इन्शुरन्स थर्ड पार्टी तरी चालू ठेवा.

प्रश्न : आम्ही चार मित्र, वयं ६५ ते ७३. पूर्वी दरवर्षी कोकणात जायचो, कोविडपासून बंद आहे. दिवाळीनंतर परत एकदा दिवेआगरला जायचंय. घरचे नाही म्हणतात. जाऊ का, आणि कसं?

जा. घरच्यांना हे उत्तर दाखवा आणि त्यात लिहिलंय तसंच करा म्हणजे ते पण हो म्हणतील.

वरंध घाटाने नको, ताम्हिणी घाटाने जा, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा, दिवेआगर, साधारण १६० किलोमीटर. पूर्वी हे तुम्ही एका दमात केलं असेल, आता मुळशी, विळे आणि म्हसळा असे तीन मोठे थांबे, प्रत्येकी अर्धा तास, गाडीवरून उतरून चालायचं, पाणी प्यायचं, तहान लागली नाही तरी प्यायचं. पाऊस पूर्ण थांबून रस्ते बुजवले जातात त्यानंतरची तारीख धरा आणि शनिवार-रविवार टाळा, ताम्हिणीत सुट्टीच्या दिवशी जी पोरं गाड्या उडवतात त्यांच्यात आपण नको. उजाडल्यावर निघायचं, पहाटे नाही, आणि दुपारी जेवायला मुक्कामी पोचायचं. सगळ्यात हळू चालवणारा पुढे, सगळ्यात तरबेज शेवटी. एकमेकांच्या गोळ्यांची यादी आणि घरचा नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर, मोबाइलला लॉक असतं म्हणून कागदावर. चौघांपैकी एकाला जरी सकाळी बरं वाटलं नाही तर त्याने मागे बसून नाही, मोटारीतून यायचं, एखाद्याच्या मुलाला किंवा जावयाला मोटार घेऊन मागून बोलवा, सामान पण त्यातच टाका, गाडीवर काही बांधू नका. वजन कमी असलं की घाटात गाडी हातात राहते.

परत येताना मध्ये एक पूर्ण दिवस विश्रांतीचा ठेवा, जाऊन लगेच दुसऱ्या दिवशी यायचं नाही. आणि दुपारी दोनच्या आत घाट चढून मुळशीला पोचा, म्हणजे चांदणी चौकात ऑफिस सुटायच्या गर्दीच्या आधी येता येईल. तो चौक २०२३ला नवीन पूल झाल्यापासून पार बदललाय, तुमच्या ओळखीचा राहिलेला नाही, कोणता रॅम्प कोथरूडला जातो आणि कोणता बायपासला ते निघायच्या आधी एकदा रिक्षाने जाऊन बघून या.